गुरुकुल काढायचंय? आधी रात्रीचं बोला

पारंपरिक मूल्यांवर चालणारी निवासी शाळा काढू पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं साठली होती. सारख्या प्रश्नांची मोट बांधून ती इथे एकत्र घेतली आहेत. पुस्तकं, गणवेश, प्रार्थना यांविषयीचे प्रश्न मुद्दाम मागे ठेवले; ते सगळे निस्तरता येतात.

प्रश्न : आम्ही पाच मित्र, त्यांतले तिघं निवृत्त शिक्षक. एकाची वडिलार्जित चार एकर जमीन आहे, विहिरीला पाणी आहे. दहा ते चौदा वयाच्या चाळीस मुलांचं गुरुकुल येत्या जूनमध्ये सुरू करायचं आहे. इमारतीचा नकाशाही काढून घेतला. पहिली पायरी कोणती? (एक वाचक, जि. सांगली)

उत्तर : नकाशा गुंडाळून ठेवा. आणि येता जून सोडा, त्याच्या पुढचा धरा.

पाच जणांनी भागत नाही. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात त्याच संस्थेची १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयात नोंद करावी लागते. उरलेले दोघं केवळ संख्या भरायला घेऊ नका. एक जण हिशेब लिहू शकणारा असावा आणि एक बाई त्याच पंचक्रोशीत राहणारी असावी, कारण रात्री दोन वाजता तुमच्या पुण्या-मुंबईच्या विश्वस्तांचा काही उपयोग नसतो. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा, ज्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. तो राहून जातो, आणि दहा वर्षांनी भांडण लागतं तेव्हा कागदावर वारलेली माणसंच संस्था चालवत असतात.

जमिनीचं जास्त जपून. ‘वडिलार्जित’ या एका शब्दातच अर्धं भांडण आहे. सातबाऱ्यावर बहिणींची नावं आहेत का? नसली तरी त्यांचा हिस्सा आहे, आणि त्यांची संमती लेखी हवी. दुसरं, न्यास हा कायद्याने शेतकरी नव्हे. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन विक्रीने किंवा बक्षीसपत्राने न्यासाच्या नावावर करायची तर आधी परवानगी काढावी लागते. बांधकामाआधी अकृषिक वापराचं बघावं लागतं ते वेगळं. तिसरं, एकदा जमीन न्यासाची झाली की धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय ती विकता येत नाही, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने देताही येत नाही. मित्राला हे आज, त्याच्या मुलांसमोर सांगा. उद्घाटनाच्या दिवशी भरून आलेला ऊर वाटणीच्या दिवशी कामाला येत नाही.

प्रश्न : आम्हाला सरकारी अभ्यासक्रम नकोच आहे. शाळेची मान्यता न घेता फक्त ‘गुरुकुल’ चालवलं आणि मुलांना सतरा नंबरचा फॉर्म भरून थेट दहावीला बसवलं, तर काय हरकत आहे? (एक वाचक, जि. अहिल्यानगर)

उत्तर : हरकत वयाची आहे. सहा ते चौदा या वयाची मुलं शिक्षण हक्क कायदा २००९ खाली येतात. त्यातल्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड होतो आणि त्यानंतरही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. ‘आमची शाळा नव्हे, गुरुकुल आहे’ हा युक्तिवाद टिकत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने सूट मिळाली ती वेदपाठशाळा, मदरसे आणि मुख्यतः धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थांना. सकाळी स्तोत्रं आणि दिवसभर गणित-विज्ञान शिकवणारं ठिकाण त्यात बसत नाही. खरोखर वेदाध्ययनच शिकवायचं असेल तर वाट वेगळी आहे : उज्जैनच्या महर्षी सांदीपनी प्रतिष्ठानाची वेदभूषण आणि वेदविभूषण ही प्रमाणपत्रं अनुक्रमे दहावी-बारावीच्या तोडीची आहेत. पण तिथे मूल वेदपाठी होणार, हे पालकांना आधी समजलेलं असावं.

बाकीच्यांपुढे दोन रस्ते. पहिला, स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियम २०१२ खाली रीतसर परवानगी. जमीन, ठेव, इमारत यांच्या अटी आहेत. शिवाय शिक्षण हक्क कायद्याचे निकष आलेच : सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास शिकवणं, ३५ मुलांमागे एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र, भाषा यांना प्रत्येकी किमान एक. हजार तास म्हणजे दिवसाला साडेचार तास. निवासी शाळेच्या हातात उरलेला दिवस असतोच की! सरकारी अभ्यासक्रम वेळ खातो ही तक्रार त्यामुळे आम्हाला फारशी पटत नाही.

दुसरा रस्ता कमी दिमाखाचा आहे, आणि नव्या संस्थेला आम्ही तोच सुचवतो. वसतिगृह आपलं, शाळा गावची. मुलांची नावं दोन किलोमीटरवरच्या जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत घाला. पहाट, संध्याकाळ, रविवार आणि सुट्ट्या तुमच्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हेच केलं. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, साताऱ्याचं बोर्डिंग १९२४ चं, आणि साताऱ्यात स्वतःचं हायस्कूल उभं राहिलं ते १९४० मध्ये. सोळा वर्षं वसतिगृह चालवल्यावर. मुलांना एका छताखाली जेवू-झोपू घालता येतं का, हे आधी कळलं. फळा नंतर आला.

चौदा पूर्ण झाल्यावर मात्र राष्ट्रीय मुक्त विद्यालय (एनआयओएस) ही चांगली सोय आहे. पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी, वर्षातून दोनदा परीक्षा. हस्तकला, शेती, संगीत यांत रमलेल्या मुलाला एकेक विषय सुटा काढता येतो. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा तर आधीचा शाळा सोडल्याचा दाखला हातात हवा, आणि नेमका तोच ‘नुसत्या गुरुकुलां’तल्या मुलांकडे नसतो. मुलाचा परतीचा रस्ता आपल्या तत्त्वासाठी बंद करायचा अधिकार आपल्याला नाही.

प्रश्न : चाळीस मुलं आणि सहा मोठी माणसं, अशा पंगतीला महिन्याचा शिधा किती लागेल? आम्ही देशी गाई पाळून दूध घरचंच वापरणार आहोत. आहार सात्त्विक आणि मोजका ठेवायचा विचार आहे. (एक वाचक, जि. सोलापूर)

उत्तर : ‘मोजका’ हा शब्द आधी खोडा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात १३ ते १५ वयाच्या मुलाला दिवसाला २८६० किलोकॅलरी धरल्या आहेत आणि बैठं काम करणाऱ्या पुरुषाला २११०. म्हणजे आठवीतला पोर गुरुजींच्या पाऊणपट जास्त नाही, पण तिसऱ्या हिश्शाने तरी जास्त जेवायला हवा. मिताहार हा गुरुजींचा नियम असू द्या.

माणशी दिवसाचं धान्य ३५० ग्रॅम धरा. ४६ जणांना ते सोळा किलो, महिन्याला पाच क्विंटलला थोडं कमी. ज्वारी निम्मी, बाकी गहू आणि तांदूळ. डाळी-कडधान्यं माणशी ७० ग्रॅम, म्हणजे महिन्याला एक क्विंटल. तेल ३० ग्रॅमप्रमाणे पंधरा किलोचे तीन डबे. भाजी २५० ग्रॅम धरली तर रोजची साडेअकरा किलो निवडायची आणि चिरायची. हे काम दोन माणसांचं दीड तासाचं आहे आणि अंदाजपत्रकात ते कधीच नसतं. शेंगदाणे आणि गूळ हाताशी ठेवा. संध्याकाळी साडेचारला मुलं खेळून येतात तेव्हा मूठभर दाणे नि गुळाचा खडा दिला नाही, तर ती रात्री आठला कोठाराचं कुलूप शोधतात.

भाकरीचं गणित लोक विसरतात. एक किलो पिठाच्या बारा-तेरा भाकऱ्या होतात. माणशी दोन म्हटलं तर एका वेळच्या ९२. दोन चुली आणि दोन सराईत बाया असतील तर दीड-दोन तास. म्हणून दोन्ही वेळा भाकरी ठरवू नका. एक वेळ भाकरी, एक वेळ खिचडी किंवा भात-आमटी, असंच निभतं. ज्वारी एकदम वर्षाची भरणार असाल तर नीट वाळलेली घ्या. दाताखाली दाणा कटकन् फुटला पाहिजे. ओलसर पोती भिंतीला टेकवून ठेवली की श्रावणात सोंडे होतात. पोत्यांखाली फळ्या हव्यात आणि भिंतीपासून हातभर अंतर.

आता गाई. मुलांना पाव लिटर म्हटलं तरी रोज दहा लिटर दूध लागतं. तुमच्या भागातली खिलार ही औताच्या बैलांसाठी जोपासलेली जात. दोन-तीन लिटरवर ती क्वचितच जाते. गीर घेतली तरी वर्षातले दोन-तीन महिने गाय आटलेली असते. म्हणजे दावणीला सहा गाई हव्यात. सहा गाईंना दिवसाला १२० ते १५० किलो ओला चारा, वर कडबा, चारशे लिटर पाणी, आणि चाऱ्यासाठी बारमाही पाण्याचं निदान एक एकर. शिवाय पूर्णवेळ एक गडी. त्याच्याऐवजी मुलांना पहाटे धारेला बसवायचा बेत असेल तर पुढचा प्रश्न वाचा. पहिली दोन वर्षं दूध गावातून घ्या आणि गाई दोनच ठेवा.

प्रश्न : पहाटे चारला उठवणं, जमिनीवर झोपणं, श्रमदान, गोसेवा, स्वयंपाक : यातलं किती करून घ्यावं? (एक शिक्षिका, जि. रत्नागिरी)

उत्तर : चारचं खूळ कुठून आलं कोण जाणे. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाआधी ९६ मिनिटांनी सुरू होतो. आपल्याकडे जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो, म्हणजे थंडीत तो साडेपाचला येतो. उन्हाळ्यात साडेचारच्या आसपास, पण तेव्हा मुलं सुट्टीला घरी असतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला रात्रीची किमान नऊ तास झोप लागते. साडेपाचला उठवायचं तर साडेआठला दिवा मालवा, आणि शिक्षकांनीही आपली मैफल तेव्हाच आवरावी. चारला उठणाऱ्या वर्गात दुपारी दोनला शिरून पाहा. अर्धी पोरं बसल्या जागी पेंगत असतात, आणि मग त्यांनाच ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी बसतात.

श्रमाला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेपासून नई तालीम हेच सांगत आली. पण श्रम-शिक्षण आणि फुकटची मजुरी यांच्यात एक साधी फूटपट्टी आहे : मोठी माणसं तेच काम मुलांबरोबर, तेवढाच वेळ करतात का? संडास धुण्याच्या पाळीत गुरुजींचं नाव असेल तर ते मूल्यशिक्षण. नसेल तर चौदा वर्षांखालच्या मुलांकडून काम करून घेणं म्हणून कुणी तक्रार केली तर तुमच्याकडे उत्तर नाही. दिवसाला तास-सव्वा तास पुरे. पाळी दर आठवड्याला फिरती, तक्ता भिंतीवर, आणि शिक्षा म्हणून काम कधीही नाही. एकदा झाडू शिक्षेत दिलात की वर्षभराचं श्रमदान फुकट गेलं.

स्वयंपाकघरात मुलांनी निवडणं, चिरणं, कणीक मळणं, वाढणं हे करावं. चुलीवरचं मोठं पातेलं उतरवणं त्यांचं काम नव्हे. वीस लिटर उकळती आमटी, ओला कोबा आणि घाईत असलेली दोन पोरं, यातून काय होतं ते सांगायला नको. पातेल्याला तळाशी तोटी बसवून घ्या, म्हणजे उचलायचा प्रश्नच मिटतो.

पाठांतर जरूर ठेवा, पण मापात. मनाचे श्लोक २०५. आठवड्याला तीन घेतले तर दोन शैक्षणिक वर्षांत होतात, अर्थासकट. एका महिन्यात शंभर पाठ करून घेणं हे पाहुण्यांसाठी असतं.

जमिनीवर झोपण्याचं उत्तर पुढे वेगळं आहे, आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

प्रश्न : वेगळ्या जातीची, धर्माची मुलं आली तर पंगत, प्रार्थना, उपवास यांचं काय करायचं? (निनावी)

उत्तर : पंगत एकच, वाढपी सगळ्या जातींचे. साताऱ्याच्या बोर्डिंगात शंभर वर्षांपूर्वी हे झालं आहे. आता त्यावर चर्चा नको. प्रार्थनेबद्दल राज्यघटनेचं कलम २८(३) स्पष्ट आहे : मान्यताप्राप्त शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणात किंवा उपासनेत बसवता येत नाही. संमती प्रवेश-अर्जावरच घ्या, आणि ‘नाही’ लिहिणाऱ्या मुलाला त्या वेळी करायला सन्मानाचं काही द्या. एकादशीला वाढत्या मुलांना लंघन नको.

प्रश्न : चाळीस मुलांसाठी रात्री एक वॉचमन आणि एक रेक्टर पुरेल ना? मुलं चटईवर, एका मोठ्या दालनात झोपतील. (एक विश्वस्त, जि. नाशिक)

उत्तर : दिवसाची शाळा कुणीही चालवेल. निवासी शाळेचं खरं रूप रात्री नऊ ते पहाटे पाच या वेळात ठरतं, आणि बहुतेकांच्या आराखड्यात त्या आठ तासांना एक ओळ असते : ‘वॉचमन – १’.

आधी चटई. पावसाळ्यात आपल्याकडे मण्यार ही विषारी सापाची जात रात्री फिरते, उंदीर-पालींच्या मागे घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांच्या अंथरुणात येते. तिचा दंश दुखत नाही, सूज नसते, बरेचदा खूणही सापडत नाही. मूल पहाटे पोट दुखतं म्हणून उठतं, ओकतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास अडकतो. पोटदुखी म्हणून ओवा देऊन निजवलं की संपलं. पावसाळ्याच्या रात्री जमिनीवर झोपलेल्या मुलाची पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या म्हणजे मण्यारच समजायची आणि १०८ बोलवायची. मांत्रिक नाही, पट्टा आवळणं नाही, चिरा देणं नाही. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पविषाची लस आणि कृत्रिम श्वासाची सोय आहे हे जूनमध्येच जाऊन विचारून या. दीड फूट उंचीच्या लोखंडी खाटा घ्या, भिंतीपासून वीतभर दूर, आणि मच्छरदाणीची कड गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली. साधेपणा गादीच्या जाडीत दाखवा.

माणसं : वीस मुलांमागे एक मोठं माणूस, आणि कुठल्याही रात्री दोघांपेक्षा कमी नाही. मोठ्या माणसाने मुलांच्या दालनात झोपायचं नाही. लगतच्या खोलीत, दार उघडं. एकट्याने मुलाला रात्री आपल्या खोलीत बोलवायचं नाही, मग तो संस्थेचा संस्थापक का असेना. दहा वर्षांची आणि पंधरा वर्षांची मुलं एका दालनात नकोत. निवासी शाळांतला बराच त्रास मोठ्या मुलांकडून धाकट्यांना होतो. न्हाणीला आतून कडी, संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा. मुलांना आठामागे एक संडास, मुलींना सहामागे एक.

लैंगिक अत्याचाराची कुणकुण लागली तर ‘आधी आपण आतल्या आत चौकशी करू’ ही सगळ्यात मोठी चूक. पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थाप्रमुखाने दडवलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होते. १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक मुलांच्या उंचीवर, त्यांना पाठ होईल असा लिहा. छडी तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदच आहे. गुरुकुलाला वेगळी सवलत नाही.

पाणी आणि खरूज राहिली. पाणी माणशी १३५ लिटर धरतात. ४६ जणांना सहा हजारांवर. दोन दिवसांची साठवण हवी. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर; बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ टाकीत ओता, तासाभराने वापरा. उघड्या पिशवीतली पावडर महिनाभरात निकामी होते, आणि मग कावीळ आल्यावर ‘आम्ही पावडर टाकत होतो’ असं सांगितलं जातं. खरूज एकाला झाली की उपचार सगळ्या दालनाचा, एकाच रात्री : डॉक्टरांच्या सल्ल्याने परमेथ्रिन मलम मानेखाली सर्वांगाला, आठवड्याने पुन्हा, आणि दुसऱ्या दिवशी सगळी अंथरुणं-कपडे गरम पाण्यात. खाजणाऱ्या चौघांनाच मलम लावलं की महिनाभर ते फिरत राहतं.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा आहे. आम्ही दोघं नोकरीला, घरी संस्कार होत नाहीत असं वाटतं. एका गुरुकुलाचं माहितीपत्रक फार आवडलं. पाठवू का? (एक आई, ठाणे)

उत्तर : सातव्या वर्षी नको, ताई. दहा पूर्ण होऊ द्या. अंथरूण ओलं होण्याचं, दात पडण्याचं वय आईजवळचं.

नंतर बघायला जाल तेव्हा संध्याकाळी सहाला जा आणि जेवण होईपर्यंत थांबा. ताटं कोण धुतं ते पाहा. गुरुजींचं ताट कोण धुतं तेही पाहा. आजारी मुलाला कुठे ठेवतात ती खोली दाखवा म्हणा. मुलाला आठवड्यातून एकदा फोनवर एकट्याने बोलू देतात का, आणि पत्र उघडून वाचतात का, हे विचारा. ‘पहिले तीन महिने भेट बंद, म्हणजे मूल रुळतं’ असं कुणी सांगितलं तर तिथूनच परत फिरा; मूल रुळत नाही, रडायचं थांबतं. प्रवेशाच्या वेळी रोख ‘देणगी’ मागितली तर पावती मागा. प्रवेशासाठी देणगी घेणं महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंद आहे.

आणि मुलाच्या ट्रंकेत दोन जास्तीच्या चादरी घाला, नाव न घालता. ओली चादर सकाळी गुपचूप बदलता आली की त्याचं पहिलं सत्र निम्मं सोपं होतं.